मेलेल्याला उलट विचारता येत नाही

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते ओरडून. सगळा जन्म टॉवेलच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात गेला. कानाला दडे बसले होते. घरात मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटायचं भांडण लागलं. कौतुक करणं त्यांना जमायचं नाही. मुलगी शाळेत पहिली आली तेव्हा म्हणाले, "बरं. पाणी तापव."

हे आधी सांगून ठेवते, कारण हाच माणूस मेल्यानंतर नातीच्या लग्नात गोड गोड बोलायला लागला.

लग्न माझ्या मुलाच्या मुलीचं. हॉल मोठा, जेवण चांगलं. अक्षता पडायच्या आधी एकदम लाइट गेले. मला वाटलं फ्यूज उडाला. तर समोरच्या पडद्यावर मालक. पांढरा सदरा, कपाळाला विभूती. आमच्या भिंतीवर हार घातलेला जो फोटो आहे, तोच. तो हसला, मान हलवली आणि म्हणाला, "लेकरांनो, सुखी राहा. मी कुठं गेलेलो न्हाय, तुमच्यातच हाय."

अख्खा हॉल रडायला लागला. सून हुंदके देत होती. व्याही फोन वर धरून शूटिंग करत होते. माझी मुलगी खुर्चीवरून उठली, माणसांतून वाट काढत पडद्यापाशी गेली आणि हात जोडून उभी राहिली. मी जागची हलले नाही.

शेजारी बसलेली बाई म्हणाली, "तुमाला रडू येईना व्हय, अव्वा?"

"तो माणूस आमचा न्हाय," मी म्हटलं.

"आवाज तर त्यांचाच की."

आवाज त्यांचाच होता, ते मी नाकारत नाही. पण आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून माती देतात. तो शिवात मिळाला असं म्हणतात. आमच्या घरात श्राद्ध नाही, कावळ्याला घास नाही. गेलेल्याला परत हाक मारायची नाही, त्याला त्रास द्यायचा नाही, ही रीत. आणि इथं त्यांना पुरण वाढायच्या आधी पडद्यावर उभं केलं होतं.

मुलाला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "कॉम्प्युटरनं करतात, अव्वा. अक्काच्या लग्नाची जुनी कॅसेट होती ना, त्यातला आवाज घेतला. आता सगळे करायलेत."

अव्वा म्हणजे आई, मी. अक्का म्हणजे माझी मुलगी. ती थोरली, म्हणून भाऊ अक्का म्हणायचा. मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो, बापसुद्धा. त्या कॅसेटमध्ये मालक काय बोलले होते ते मला चांगलं आठवतं. पंगतीत वाढप्यावर ओरडत होते, "शेंगाची चटणी वाढ की रे, झोपलास का?" त्या ओरडण्यातून कॉम्प्युटरनं आशीर्वाद काढला.

लग्नापुरतं होतं तोवर मी गप्प बसले. हौस असते एकेकाची.

*

अक्का आणि मी सोलापुरात भवानी पेठेत राहतो. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याची शेड. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा अक्का माहेरी परत आली. दारात पेटी घेऊन उभी. मालकांनी काही विचारलं नाही. मागच्या शेडमधलं सगळं सामान दोन दिवस उपसलं, झाडून काढलं, कुणाकडून तरी एक शिलाई मशीन आणलं आणि खिडकीपाशी मांडलं. म्हणाले, "हितं बस." अक्का बसली. तेव्हापासून ती शाळेचे गणवेश शिवते. शिवून शिवून तिची पाठ वाकली, पण कुणापुढं हात पसरला नाही.

मुलगा विजापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो. शिकलेला आहे, नोकरी बरी आहे. तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण पेठेतल्या जागेवर एका बिल्डरचा डोळा आहे आणि बिल्डर मुलाच्या कानाशी आहे. घर अजून मालकांच्या नावावर. वारस तीन, मी, अक्का आणि तो. त्याला अक्काची हक्कसोड पाहिजे होती.

हक्कसोड आमच्याकडं घरोघरी होते. बहिणींनी भावाच्या नावानं सही करून द्यायची, म्हणजे माहेर टिकतं. मीही दिली होती. माझा भाऊ अक्कलकोटाकडनं एसटीनं आला, साडीचोळी आणली, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "शेत मला पायजे." तोंडानं मागितलं. मी विचारलं, "आईला कोण बघणार?" तो म्हणाला, "मी." मी विचारलं, "शब्द?" तो म्हणाला, "शब्द." मग मी सही केली. आईला त्यानं शेवटपर्यंत बघितलं. असं असतं ते. भावानं मागायचं, बहिणीनं उलट विचारायचं, मग सही. चांगली पद्धत आहे असं नाही, पण निदान दोन माणसं समोरासमोर बसतात.

माझ्या मुलानं साडी आणली नाही आणि मांडीही घातली नाही. लग्नानंतर थोड्या दिवसांनी, मी भाकऱ्या थापत होते, आणि मागच्या शेडमधलं मशीन बंद पडलं. आमच्या घरात ते मशीन दुपारपर्यंत थांबत नाही. मी पिठाच्या हातानं मागं गेले. अक्का फोन कानाला लावून बसली होती. डोळ्यांतून धार.

"कोण गेलं?" मी विचारलं.

तिनं फोन माझ्यापुढं धरला. पडद्यावर मालक. तोच सदरा, तीच विभूती. म्हणत होते, "अक्का, मी बोलतोय. तू थोरली, तू समजूतदार. लई सोसलंस तू. घर भावाला दे. सही कर, पोरी, म्हंजे माझ्या जिवाला शांती मिळंल."

खाली मुलाचा निरोप होता, तोही बोललेला. "अक्का, अप्पांची हीच इच्छा होती गं. येत्या सोमवारी रजिस्ट्री ऑफिसला वेळ घेतलीय."

माझ्या हातातलं पीठ वाळून गेलं. मी म्हटलं, "तुला कळतंय की हे खोटं हाय?"

"कळतंय, अव्वा."

"मग रडतीस कशाला?"

तिनं फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "लई सोसलंस म्हणाले. जिवंतपणी म्हणाले होते का कधी?"

भाकरी करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेले.

*

त्या आठवड्यात घरात नीट श्वास घेता येईना. अक्का कामाला बसायची, चार टाके घालायची, फोन उचलायची. "अक्का, मी बोलतोय." परत खाली ठेवायची. परत उचलायची. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मेलेल्या नवऱ्याचा आवाज मागच्या शेडमधून यायचा, ते पण लाडात आलेला. एकदा तर माझ्या तोंडून "ओ" निघून गेली. पन्नास वर्षांची सवय, दुसरं काय. मग माझी मलाच चीड आली.

मी मुलाला फोन केला. "तू बापाच्या तोंडात तुझे शब्द घातलेस."

"अव्वा, अप्पांना तेच वाटत होतं."

"तुला काय म्हणाले होते का?"

"म्हणाले नाहीत, पण वाटत होतं की. त्यांच्या मनातलं मी फक्त बोलून दाखवलंय."

"मग तुझ्या तोंडानं दाखव."

"माझं ती ऐकणार नाही," तो म्हणाला. पटकन बोलून गेला. मग आवाज बदलून म्हणाला, "तिला आम्ही टाकणार आहोत का? आमच्याकडं येईल, राहील."

"कुठल्या खोलीत?"

"बघू की."

"आणि माझी सही? मी न्हाय देणार."

"तुझं नंतर बघू, अव्वा," तो शांतपणे म्हणाला. "तू काय, आज आहेस."

मुलगा हे बोलला म्हणून मला वाईट वाटलं नाही. खरं आहे ते. मी आज आहे, उद्या नाही. पण फोन ठेवल्यावर डोक्यात आलं ते याहून वाईट होतं. मी गेल्यावर मीही पडद्यावर येणार. मीही गोड बोलणार. माझी सही लागणार नाही तेव्हा माझा आवाज लागेल. मला आठवलं, लग्नाच्या आधी सून येऊन म्हणाली होती, "अव्वा, जुन्या काळच्या गोष्टी सांगा की, रेकॉर्ड करून ठेवते, नातवंडांना आठवण." मी लूमच्या, दुष्काळाच्या, माझ्या सासूच्या गोष्टी तासभर सांगितल्या होत्या. खुशीत सांगितल्या होत्या.

*

सात रस्ता चौकात जिन्यावरच्या खोलीत एक वकील बसतो. आमच्या पेठेतल्या बायकांची पोटगीची कामं त्यानं केलीत. अक्काचा फोन मी मागून घेऊन पिशवीत घातला, तिला म्हटलं डॉक्टरकडं जाते, आणि रिक्षानं गेले.

त्यानं क्लिप दोनदा बघितली. म्हणाला, "आजी, सही झाली का?"

"न्हाय. सोमवारी होईल."

"मग आज तक्रार कशाची करू?"

"झाल्यावर करून काय उपयोग?"

तो हसला नाही, ते बरं केलं. त्यानं बोटांनी चित्र मोठं केलं. कोपऱ्यात बारीक अक्षरं होती, मी मुंगी समजले असते. म्हणाला, "हे कॉम्प्युटरनं बनवलंय असं इथं लिहिलंय. नवीन नियम आलाय तसा, बनवलेल्याला बनवलेलं म्हणून शिक्का पाहिजे. नियम पाळलाय त्यांनी."

"म्हंजे दुधात पाणी हाय असं किटलीवर लिहिलं की झालं?"

"निदान घेणाऱ्याला कळतं, आजी."

"माझ्या पोरीला कळतंय," मी म्हटलं. "कळून पितीय."

त्यानं फोन मला परत दिला. मी विचारलं, "आमच्या मालकांचा आवाज आता कुणाचा?"

"अवघड विचारलंत. जिवंत माणूस कोर्टात जाऊ शकतो, माझा चेहरा, माझा आवाज वापरू नका म्हणून. मोठमोठे नट जातात. गेलेल्याचं अजून पक्कं नाही. कुणी म्हणतं माणसाबरोबर तो हक्क संपतो. कुणी म्हणतं वारसांचा असावा. वादच चालू आहे सगळीकडं."

"वारस म्हंजे मी, मुलगी, मुलगा. घरासारखंच."

"घरासारखंच."

"मग आवाजाची पण हक्कसोड करून मागतील."

आता तो हसला. मी हसले नाही. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. मुलीला सही करायची सक्ती कुणी करू शकत नाही. आणि ती ऑफिसात जाऊन, मी राजीखुशीनं देते असं म्हणाली, तर तिला कुणी अडवूही शकत नाही. जिना उतरताना माझे गुडघे दुखले. सात रस्त्याच्या गर्दीत रिक्षा मिळेना. हॉर्नच्या आवाजात मी उभी होते आणि पिशवीतला फोन मला गरम लागत होता. कदाचित उन्हामुळं असेल.

*

घरी जाण्याआधी मी फोटोवाल्याकडं गेले. पेठेतलाच आहे, मुसलमान, दाढी आता पांढरी झालीय. अक्काच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं होतं आणि ती कॅसेट त्याच्याकडंच होती. म्हणजे हे सगळं त्याच्या दुकानातून निघालं होतं.

"या अम्मा, बसा," तो म्हणाला. चेहऱ्यावरून समजलं, त्याला अंदाज आला होता.

"मी जिवंत हाय," मी म्हटलं. "बायको हाय त्यांची. मला विचारलंत?"

"मुलगा आला, अम्मा. म्हणाला बाप माझा, लग्न माझ्या मुलीचं. मी म्हटलं खैर की बात हाय, करून देऊ. दुसऱ्यांदा आला तेव्हा काय बोलवायचं ते चिठ्ठीवर लिहूनच आणलं होतं. मला बरं वाटलं नाही."

"पण केलंत."

"केलं." तो खाली बघत म्हणाला. "मी नाही केलं तर पुढचा करतो. फोनवरसुद्धा होतं आता."

मी खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. "मग मला पण करून द्या. त्यांना म्हणायला लावा, अक्का, सही करू नको."

तो माझ्याकडं बघत राहिला. "अम्मा, आता मी विचारतो. तुम्हाला परवानगी कुणी दिली?"

"कुणी न्हाय. करा."

त्यानं टाइप केलं. थोडा वेळ पडद्यावर चाक गोल गोल फिरत राहिलं, आणि मालक आले. त्याच गोडीनं म्हणाले, "अक्का, मी बोलतोय. सही करू नको. घर तुझं पण हाय."

मी ऐकलं. हयातीत ज्या माणसानं माझं एक ऐकलं नाही, भाजी कुठली आणायची तेसुद्धा स्वतःच्या मनानं आणली, तो माझ्या एका शब्दावर बोलला. आधी मुलाच्या शब्दावर बोलला होता, तसाच.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "अजून एक. म्हणायला लावा, तुझ्या हातची भाकरी चांगली होती."

फोटोवाला बटणं दाबत राहिला.

"तुझ्या हातची भाकरी चांगली होती," मालक म्हणाले आणि हसले.

मला वाटलं होतं ऐकून बरं वाटेल. इतक्या वर्षांत एकदा ऐकायचं होतं. पण मला रागच आला. कुणावर, ते कळेना. ते जेवताना कधी चांगलं म्हणाले नाहीत, पण भाकरी कधी टाकलीही नाही. ताटात कोर शिल्लक ठेवत नव्हते. तेवढंच बोलणं होतं त्यांचं. हे जे पडद्यावर बोललं ते माझंच तोंड होतं, त्यांचा मुखवटा घातलेलं.

"हे दुसरं पुसा," मी म्हटलं. "पहिलं या फोनात घाला."

त्यानं पुसलं. निदान तसं म्हणाला.

*

रविवारी सकाळी मुलगा आणि सून आले. दुसऱ्या दिवशीच्या सहीसाठी अक्काची कागदपत्रं घ्यायला. सुनेनं पेढे आणले होते. कामाआधीच पेढे.

अक्कानं चहा केला. तिचा चेहरा उतरला होता, पण तिचं ठरलं होतं. मला माहीत होतं ते. आदल्या दिवशी तिनं शिवलेल्या गणवेशांचा गठ्ठा बांधून ठेवला होता आणि मशीनवर जुनं लुगडं पांघरलं होतं, घर सोडताना झाकतात तसं.

"सकाळी मी घ्यायला येतो अक्का," मुलगा म्हणाला. "अप्पांना बरं वाटेल."

"व्हय," अक्का म्हणाली.

मी म्हटलं, "थांबा. तुमच्या अप्पांना अजून काय सांगायचं हाय." आणि फोन मधे ठेवला. आधी मुलाची क्लिप लावली. घर भावाला दे, सही कर. ती संपली तशी माझी लावली. सही करू नको, घर तुझं पण हाय.

सून फोनकडं बघत होती, जसा काही तो सरपटत तिच्या अंगावर येईल.

"हे कुणी केलं?" मुलगा ओरडला. ओरडताना तो अगदी बापासारखा दिसतो.

"मी. तू केलंस तिथंच."

"तुला लाज वाटत नाही, अव्वा? मेलेल्या माणसाशी असला खेळ?"

"खेळ कुणी मांडला?"

पण माझं लक्ष अक्काकडं होतं. ती माझ्यावर भडकली, भावावर नाही. "कशाला केलंस हे? तेवढाच आवाज होता माझ्याजवळ. आता तो पण गेला. कुठला ऐकू मी आता?"

तिनं फोन उचलला. भावाची क्लिप परत लावली. मालक म्हणाले सही कर, पोरी. आणि अक्का त्या फोनला म्हणाली, "अप्पा, सही करते. मग मी कुठं बसू?"

क्लिप संपली होती. मालक हसऱ्या तोंडानं थांबलेले. तिनं परत लावली, परत विचारलं, "मी कुठं बसू, अप्पा?" ते परत म्हणाले, लई सोसलंस तू, घर भावाला दे.

"अक्का, काय करायलीस तू हे," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

अक्कानं फोन पालथा घातला. डोळे पुसले नाहीत, तसेच ठेवले. "अप्पा माझ्याशी एकदाच नीट बोलले," ती म्हणाली. "हितं बस म्हणाले. तेवढंच. हे बाकीचं त्यांचं न्हाय." मग ती जमिनीवर उतरली, मांडी घातली, भावासमोर. "आता तू माग. तुझ्या तोंडानं. मी ऐकते."

मुलगा खुर्चीवर तसाच. "मागायचं काय त्यात? अप्पांनी—"

"अप्पा गेले. तू हाईस. माग की रे."

त्यानं बायकोकडं बघितलं. ती पेढ्याच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. मग माझ्याकडं बघितलं. मी काही त्याच्या मदतीला जाणार नव्हते. मला त्या वेळी कळलं, हा लहानपणापासून असाच. फी मागायची झाली तरी मला पुढं करायचा, अव्वा तू सांग अप्पांना. बापाला भ्यायचा. आता बाप मेल्यावर त्यालाच पुढं केलं. कारण त्यानं स्वतः मागितलं असतं तर अक्कानं विचारलं असतं, मी कुठं बसू? आणि त्याच्याकडं उत्तर नव्हतं. मेलेल्याला उलट विचारता येत नाही, हीच सोय होती त्यात.

"मग मी कुठं बसू?" त्यानं मागितलंच नाही, तरी अक्कानं विचारलं.

"बघू की," तो म्हणाला.

"बघ. बघून झालं की सांग. तोवर सही न्हाय."

"लोक काय म्हणतील, सख्ख्या भावाला—"

"म्हणू दे," अक्का म्हणाली. "त्यांच्या त्यांच्या आवाजात म्हणू दे."

मुलगा उठला. दारात चपला घालताना मला म्हणाला, "तू तिला चढवलंस."

"व्हय," मी म्हटलं. "माझ्याच तोंडानं."

पेढे राहिले. ते आम्ही दुपारी खाल्ले. चांगले होते.

*

सोमवारी मशीन सकाळपासून चालू होतं. रजिस्ट्री ऑफिसची वेळ होऊन गेली तेव्हा मी मागं डोकावले. अक्कानं वर बघितलं नाही. तिनं दोन्ही क्लिपा काढून टाकल्या होत्या. पण त्या मुलाच्या फोनात आहेत, सुनेच्या असतील, लग्नाची तर निम्म्या सोलापुराकडं आहे. फोटोवाला म्हणतो त्यानं सगळं पुसलं. पुसलेलं कुठं जातं, ते मला कुणी सांगू शकलं नाही.

मुलगा अजून आलेला नाही. फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवतो. अक्का माझ्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलली. तिचा आवाज मी घालवला, हे ती विसरलेली नाही. बरोबर आहे तिचं.

मी परत वकिलाकडं गेले आणि माझा हिस्सा अक्काच्या नावानं लिहून ठेवला. खाली एक ओळ जास्त घालायला लावली. माझ्या मागं माझ्या आवाजात कुणी काही बोललं तर ते माझं धरू नये. तो म्हणाला, "आजी, ही ओळ कोर्टात कितपत टिकेल सांगता येत नाही. अजून ठरायचंय सगळं."

"तुमचं ठरंपर्यंत मी थांबत न्हाय," मी म्हटलं. "लिहा."

घरी येऊन अक्काला ते सांगितलं. म्हटलं, "मी गेल्यावर माझा फोटो बोलायला लागला, तर त्याला उलट विचार. उत्तर न्हाय आलं तर समज, ती मी न्हवं."

अक्का दोरा ओवत होती. सुईवरून नजर न काढता म्हणाली, "आता उलट बोलणारं पण निघालंय म्हणे, अव्वा. आपण विचारलं की उत्तर देतंय."

मी विचारलं, "काय उत्तर देतंय?"

"आपल्याला पायजे ते."

"मग वळखायला सोपं हाय," मी म्हटलं. "मी कधी दिलं होतं का तसं?"

ती हसली. त्या सगळ्या प्रकारानंतर पहिल्यांदा. मग तिनं मशीनचं चाक फिरवलं आणि त्या आवाजात पुढचं बोलणं काही ऐकू आलं नसतं, म्हणून मी भाकऱ्या करायला आत गेले.